पेट्रोलचे पाच रुपये कमी केले, ते नक्की कुठून?

राज्याने पेट्रोलवरचा कर उतरवला अशी बातमी आली की आधी एकच पाहायचं: टक्क्यांतून उतरवला की रुपयांतून? महाराष्ट्रात हा कर दोन तुकड्यांत लागतो. एक टक्केवारीचा व्हॅट, दुसरा लिटरमागे ठोक, म्हणजे ठरलेले रुपये.

जुलै २०२२ पर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के अधिक १०.१२ रुपये आणि डिझेलवर २४ टक्के अधिक ३ रुपये लागत. १४ जुलैला शिंदे सरकारने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलं. ही कपात ठोक तुकड्यातली. पेट्रोलवर ५.१२ रुपये उरले, डिझेलवरचा ठोक भाग संपला. टक्केवारी जागच्या जागी राहिली, तरी राज्याच्या तिजोरीवरचा वर्षाचा भार ६ हजार कोटींचा सांगितला गेला. टक्क्यांना हात लागला तो १ जुलै २०२४ ला, आणि तोही याच तीन शहरांपुरता: पेट्रोल २६ वरून २५, डिझेल २४ वरून २१. बाकी महाराष्ट्र आधीपासून याच दरात होता, त्यामुळे नाशिक-नागपूरकरांना त्यातून काहीच मिळालं नाही.

फरक का पडतो? करापूर्वीची किंमत ८० रुपये धरा. २५ टक्क्यांनी व्हॅट २० रुपये. तीच किंमत १०० झाली की व्हॅट २५. राज्याने काहीही न करता लिटरमागे ५ रुपये जास्त आले. ठोक कर मात्र तेल महाग असो की स्वस्त, तेवढाच राहतो. म्हणून भाव चढलेले असताना खरा दिलासा टक्का उतरवण्यात असतो. सरकारला सोपं पडतं ठोक कापणं, कारण बोजा किती पडणार ते आधीच कळतं.

शिवाय व्हॅट केंद्राच्या उत्पादन शुल्कावरही लागतो, म्हणजे करावर कर. २१ मे २०२२ ला केंद्राने शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी उतरवलं. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या राज्य सरकारने व्हॅट अनुक्रमे २.०८ आणि १.४४ रुपयांनी कमी केल्याचं जाहीर केलं. कॅल्क्युलेटर काढा. ८ चे २६ टक्के २.०८, ६ चे २४ टक्के १.४४. दर न बदलता आपोआप घटणारी रक्कमच कपात म्हणून सांगितली गेली!

आता खिशाचं गणित. महिन्याला ६०० किलोमीटर चालणारी, लिटरला ४५ देणारी दुचाकी साधारण १३ लिटर पिते. ५ रुपयांच्या कपातीत वाचतात ६५ रुपये. लिटरला ४ किलोमीटर देणारा ट्रक ८ हजार किलोमीटर धावला तर २ हजार लिटर डिझेल लागतं, आणि ३ रुपयांनी ६ हजार वाचतात. डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, वाहतूकदाराला मिळत नाही. हा कर पूर्ण त्याच्या खर्चात बसतो आणि भाड्यात उतरतो. स्वस्ताईसाठी कुठून सुरुवात करायची असेल तर डिझेलपासून.

सीमेवर हे गणित कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बांद्याहून गोव्यात जाणारा टाकी पत्रादेवीच्या सीमेपलीकडे, गोव्यात स्वस्त मिळतं म्हणून तिथेच भरतो, आणि तेवढा कर महाराष्ट्राच्या हातून जातो.

कपातीच्या रात्री मार खातो तो पंपचालक. टँकर येतो तेव्हाच त्याच्याकडून कराचे पैसे गेलेले असतात. जमिनीखालच्या टाकीत २० हजार लिटर पेट्रोल असेल आणि सकाळी ६ वाजता दर ५ रुपयांनी पडला, तर एका रात्रीत लाखाचा फटका. म्हणून कपातीची कुणकुण लागली की पंप माल कमी उचलतात. अशा संध्याकाळी टाकी फुल करायची गरज नाही, पण दोन-तीन लिटर टाकून ठेवा. सकाळी पंपावर माल नसण्याची शक्यता असते.