चौथीच्या पोरांना वाचता येत नाही, मग तुम्ही करता काय?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, मेव्हण्याच्या घरी, सगळीकडे हाच प्रश्न. जानेवारीत 'असर'चा, म्हणजे गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीचा, अहवाल आला की त्याला जोर चढतो. 'चौथी-पाचवीच्या पोरांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही म्हणे. मग तुम्ही झेडपीचे मास्तर दिवसभर करता काय?' इतके दिवस हसून वेळ मारून नेली. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

ऑनलाइन माहिती, फोटो, बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम हे आमचं रडगाणं तुम्हाला पाठ आहे. ते सोडतो. त्रास होतो, पण पोरांचं वाचन निव्वळ त्याच्यामुळे राहतं, हे मलाच पटत नाही.

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याप्रमाणे मूल वयानुसार वर्गात बसतं. नऊ वर्षांचं, कधी शाळेचं तोंड न पाहिलेलं लेकरू आलं तर ते माझ्या हजेरीत चौथीतच. त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे. देणारा मीच, त्याच खोलीत, तिसरीची पोरं शेजारी पाढे म्हणत असताना.

आणि आमचं वर्ष जून ते एप्रिल असलं तरी अर्ध्या वर्गाचं ते दिवाळीलाच संपतं. आई-बाप ऊसतोडीला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली असते, साखर कारखाने पेटतात, टोळ्या निघतात. पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, माणसं परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. हंगामी वसतिगृह आहे, म्हणजे मूल गावात आजीकडे राहतं आणि जेवण योजनेतून मिळतं. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसायचं. उसाच्या फडापासून शाळा किती लांब असते, ते कार्डावर नसतं.

एक मुलगी होती. तिसरीपर्यंत ती अंदाजाने वाचायची. चित्र बघायची आणि शब्द ठोकून द्यायची. चित्र घोड्याचं आणि खाली 'शिंगरू' लिहिलेलं असलं तरी खुशाल 'घोडा'. चौथीत मी तिच्या पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेवायला लागलो. रागवायची. मग बोट शब्दाखाली ठेवून पुटपुटायची, 'ग-ला काना-मात्रा गो, ध, ड-ला पहिली वेलांटी... नाही, दुसरी, डी.' थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. आणि एका सकाळी सगळं एकदम जुळून तोंडातून 'गोधडी!' बाहेर पडलं. तिने आधी माझा हात बाजूला केला, खाली खरंच गोधडी आहे का ते बघितलं, आणि पुढचा शब्द मला न विचारता धरला. या नोकरीत मिळतं काय असंही लोक विचारतात. हे मिळतं.

त्याच आठवड्यात तिची आई दारात. 'सर, हिला पाठवा. गाडी लागलीय.'

मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. ताई, वसतिगृह आहे, पोरगी आत्ता कुठं वाचायला लागलीय, चार-पाच महिन्यांचा प्रश्न आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. कडेवर धाकटा होता.

'आमी दोघं पहाटं फडात उतरलो की ह्याला कोण बघंल, सर? तुमी बघता का?'

टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पोरीने दप्तर माझ्याकडेच ठेवलं आणि गेली.

परत आली ती एप्रिलमध्ये, आणि त्याच आठवड्यात शाळा तपासणी. साहेबांनी नेमकी तिलाच उभी केली. पुस्तक उघडून दिलं. तिचं बोट शब्दाखाली गेलं, ओठ हलले, आवाज आला नाही. 'चौथी ना ही?' मी सांगायला लागलो, तर हात वर करून म्हणाले, 'कारणं नकोत, गुरुजी. वर्षभर केलं काय?' शेरेबुकात लिहिलं, 'वाचन असमाधानकारक.' खाली माझीच सही. साहेबांचंही खोटं म्हणता येत नाही, त्या दिवशी तिला वाचता आलं नव्हतं हे खरंच. पण दिवाळीआधीची 'गोधडी' लिहायला त्या वहीत रकाना नाही.

नवा लागलो होतो तेव्हा प्रशिक्षणात मी तावातावाने म्हणायचो, पालकांना शिक्षणाची किंमतच नाही. आता तसं म्हणवत नाही. पण तो पोरगेला मास्तर पार चुकीचा होता असंही म्हणवत नाही, कारण तो निदान भांडायचा. दिवाळीआधी घरोघरी जाऊन बसायचा, आज्यांना तयार करायचा, त्यातली काही पोरं खरोखर मागे राहायची. मी हल्ली समजून घेतो. समजून घेतल्याने एकही पोर मागे राहत नाही. त्याचं बरोबर की माझं, ते ठरत नाही.

आणि हेही ऐका, म्हणजे मी फक्त उसाकडे बोट दाखवतोय असं वाटायला नको. माझ्या वर्गात आई-बाप बारा महिने गावात असलेली, रोज हजर असणारी मुलंही आहेत, आणि त्यांतलीही काही जोडाक्षरापाशी अडतात. तिथे मुकादम नाही, फड नाही. तिथे तुमचा प्रश्न मला लागतो, आणि लागायलाच हवा.

त्या मुलीने मे महिन्याच्या आत काना-मात्रा पुन्हा उचलल्या, पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर. तेव्हा तपासायला कोणी आलं नाही. त्यामुळे पोरांचं वाचन बघायचंच असेल तर एप्रिलात येऊ नका, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात या. आणि आलातच, तर गाडी लागायच्या आत माझ्याबरोबर दोन घरी चला. त्या बाईला काय सांगायचं, ते तुम्ही सांगा.