तीन भुसे आणि एक सुबाभूळ

मार्चमध्ये आमच्या पुण्यातल्या घराच्या अंगणात दिवसातून दोनदा पाणी घालूनही दुपारी मिरच्या माना टाकायच्या. माती झाकायला हवी, एवढं कळत होतं. शेतात पाचट टाकतात, पण शहरात पाचट आणायचं कुठून? लाकूड मात्र मिळेल, असं वाटलं.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून करवतीचा भुसा आणला, दोन पोती. पिवळाधमक, सुगंधी, हातात घेऊन हुंगत बसावा असा. आणि उत्साहाच्या भरात तो मिरच्यांच्या वाफ्यात नुसता पसरला नाही, खुरप्याने मातीत चांगला कालवला! तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, आधी खालची, मग वरची. मी आणखी पाणी घातलं. आणखी पिवळी.

नंतर वाचल्यावर उलगडा झाला. भुशात नत्राच्या काही शे पट कर्ब असतो. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीसला एक असं प्रमाण लागतं, म्हणून कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि झाड उपाशी राहतं. हाच भुसा वरच्या वर पसरला असता, तर नत्राची ओढाताण फक्त वरच्या पातळ थरातच राहिली असती. शेंगदाण्याची पेंड भिजवून तिचं पाणी आठवड्याला एकदा घालत गेले, तेव्हा कुठे मिरच्या सावरल्या. उरलेला भुसा आळ्यात वरून टाकून पाहिला, तर वाळून त्याची पापडी धरली. पाणी आत मुरण्याऐवजी वरून निसटून जाई. बारीक भुसा बाद.

मग शेजारी फर्निचरचं काम चालू होतं, तिथून पोतंभर आणायला गेले. मिस्त्रीने हात आडवा केला. "ताई, हे प्लाय आणि एमडीएफचं आहे. गोंद आहे सगळा ह्यात. झाडाला नका घालू." फॉर्मल्डिहाइडचे गोंद असतात त्यात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मिस्त्रीने त्याऐवजी सागाला रंधा मारताना निघालेल्या कुरळ्या साली बाजूला काढून ठेवल्या. त्या मी पायवाटेवर टाकल्या. दिसतात सुंदर, सागात मुळात तेल असल्याने वाळवीही सहजी लागत नाही. पण हलक्या इतक्या की जोराचा वारा सुटला की सगळ्या तुळशीपाशी जमा. एका ओळखीच्यांनी पॅकिंगच्या फळ्या फोडून ढलप्या करायचं सुचवलं होतं. निर्यातीच्या फळ्यांवर शिक्का असतो. एचटी म्हणजे तापवून निर्जंतुक केलेल्या, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेल्या. आमच्या फळ्यांवर शिक्काच नव्हता. सोडून दिलं.

अखेर मे महिन्यात, पावसाळ्याआधी गल्लीतल्या झाडांच्या फांद्या छाटल्या, तेव्हा जमलं. श्रेडरमधून निघालेला चुरा मी मागून घेतला: बोटभर ढलप्या, साल, हिरवी पानं, सगळं एकत्र. पानं असल्याने नत्रही बरं. ढीग दोन आठवडे तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसावा इतका गरम. मग लिंबू, जास्वंद आणि कढीपत्त्याच्या आळ्यात तीन इंच जाड थर दिला. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी, कारण ओल धरून साल कुजते. घराच्या भिंतीलगत दीड फूट पट्टी कोरडी ठेवली. चुऱ्यात आंब्याच्या ढलप्या होत्या, आणि आंब्याच्या लाकडाला वाळवी किती लवकर लागते, हे आमच्या जुन्या दाराच्या चौकटीने शिकवलंय.

पावसात वर छत्र्या उगवल्या, वाणी फिरू लागल्या. सासूबाईंनी नाकं मुरडली. ही मंडळी लाकूडच कुजवतात, त्यांना मी हात लावला नाही. मिरच्यांच्या वाफ्यात मात्र ढलप्या नकोतच. दर हंगामात माती उकरायची, तिथे वाळकी पानंच पुरेशी. कुंड्यांनाही तीच.

या एप्रिलमध्ये लिंबाला चार दिवसांआड पाणी पुरलं. थर निम्म्यावर आलाय, खालची माती काळी आणि भुसभुशीत. पण त्या फांद्यांत शेंगांसकट सुबाभूळ होती, हे तेव्हा कुणी बघितलं नाही. अजून दर रविवारी पंधरा-वीस रोपं उपटते.