स्टर्जनचा माग काढताना: डेट्रॉइट नदीवरचा माझा अनुभव

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ह्युरॉन सरोवराचं पाणी सेंट क्लेअर आणि डेट्रॉइट या नद्यांमधून ईरी सरोवरात उतरतं. वाटेत एकही धरण नाही. कोयना-मुळशीच्या भिंती पाहत वाढलेल्या मला याचंच आधी अप्रूप वाटलं. या पट्ट्यातल्या लेक स्टर्जन माशांचा अभ्यास करणाऱ्या गटात मी शिकायला आले. स्टर्जनची मादी वयात यायला 20-25 वर्षं लागतात, ती शंभरीही गाठू शकते आणि अंडी घालते ती 4 ते 9 वर्षांतून एकदा. अशा माशाचं येणं-जाणं एका मोसमात काय कळणार? म्हणून त्याच्या पोटात सुमारे 10 वर्षं चालणारा ट्रान्समीटर, म्हणजे आपला क्रमांक संकेतातून पाठवत राहणारं छोटं यंत्र, बसवतात. रेडिओलहरी खोल पाण्यात विरून जातात आणि या नद्यांतून तर मोठी जहाजं जातात, त्यामुळे इथे ध्वनीवर चालणारा ट्रान्समीटर लागतो.

टाके घालायचा सराव मी आधी केळ्याच्या सालीवर केला, मग मेलेल्या माशांवर. वसंतात गळांची लांब दोरी रात्रभर तळाशी सोडायची, आमिषाला गोबी मासे. सापडलेला मासा झोळीत उताणा ठेवून कल्ल्यांवरून नळीने सतत पाणी सोडायचं. पोटावर लहानसा छेद घेतला की आधी नर की मादी ते बघायचं. पिकलेली अंडी काळपट दिसतात. मग ट्रान्समीटर आत, टाके, आणि मासा परत नदीत. माझ्या हातून सोडलेली पहिली मादी शेपटीच्या एका फटक्यात तळाकडे गेली, तेव्हा मी कितीतरी वेळ पाण्याकडेच बघत राहिले.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. माशामागे कुणी फिरत नाही. नदीच्या तळाशी नांगरलेले रिसीव्हर वाट बघत असतात आणि जवळून गेलेल्या ट्रान्समीटरचा क्रमांक वेळेसह टिपतात. ते वर काढायचे, त्यांवर चढलेले शिंपले खरवडायचे, नोंदी उतरवून घ्यायच्या, बॅटरी बदलायची. दोन ट्रान्समीटरांचे आवाज एकमेकांत मिसळले तर पाण्यात नसलेल्याच माशाचा क्रमांक उमटतो. म्हणून एकटी-दुकटी नोंद आली की तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ठरावीक वेळात तोच क्रमांक पुन्हा ऐकू आला पाहिजे.

आमचे रिसीव्हर मोजकेच, पण मासा सरोवरंच्या सरोवरं पालथी घालतो. तो ऐकू येतो बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या रिसीव्हरवर, कधी कॅनडाच्या हद्दीत. 2010 पासून ह्युरॉन, ईरी वगैरे महासरोवरांवरचे संशोधक 'ग्लाटोस' या जाळ्यातून अशा नोंदी एकमेकांना देतात. काही स्टर्जन ह्युरॉनकडे जातात, काही ईरीकडे, तर काही नदीच सोडत नाहीत, हे उघड झालं ते या देवाणघेवाणीमुळेच. आपल्याकडे नद्यांची माहिती खात्याखात्यांत अडकून पडते, ते आठवून मला फार तळमळ वाटते.

माझी पदवी हाती येईल तेव्हा या बॅटऱ्या निम्म्याही संपलेल्या नसतील. म्हणून कोणता क्रमांक कोणत्या माशाचा, तो कुठे आणि कधी सोडला, ही वही पुढच्या विद्यार्थ्यासाठी मी आत्तापासूनच नीट लिहायला घेतली आहे.