बाकावरून उठणारा खेळाडू

आज पाऊस थांबल्यावर टिळकवाडीतल्या मैदानावर बास्केटबॉलचा सराव घेत असताना, खानापूरहून बसने येणारा एक मुलगा ओला चेंडू सदऱ्याला पुसत मला म्हणाला, "सर, मला पहिल्या पाचांत कधी घेणार?" मीही कॉलेजच्या संघातली तीन वर्षे बाकावरच काढली असल्याने हा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा होता.

मी त्याला स्टीव्ह करविषयी सांगितले. १९८८ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ५० व्या क्रमांकावर घेतला गेलेला हा खेळाडू तिथे ९१० साखळी सामने खेळला, पण त्यांपैकी जेमतेम ३० सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात होता; तरीही तीन गुणांच्या फेकींतली त्याची ४५.४ टक्क्यांची कारकीर्द-सरासरी हा विक्रम आहे. १९९७ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात ८६-८६ अशी बरोबरी असताना प्रतिस्पर्धी युटा संघाचा बचावपटू आपल्याकडे धावून येताच शिकागो बुल्समधला त्याचा सहकारी मायकेल जॉर्डनने चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या करकडे दिला आणि शेवटची पाच सेकंद उरली असताना त्याने तो बास्केटमध्ये टाकला. खेळाडू म्हणून पाच विजेतेपदे, २०१४ पासून गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक म्हणून आणखी चार. बाकावर बसून सामना वाचण्याची सवय त्याला प्रशिक्षक म्हणून नक्कीच उपयोगी पडली असणार, असे माझे मत.

मुलाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सर, ते नेमके कुठे उभे होते?" मी फ्री थ्रोच्या रेषेजवळची जागा दाखवली. खानापूरची बस सुटायची वेळ होईपर्यंत तो तिथूनच, जाळी नसलेल्या रिंगवर चेंडू फेकत राहिला.