दगडातला बाल

विठ्ठलाचं डावं कोपर मोकळं करायला घेतलं आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला आवाज बसला. तोवर छिन्नीखाली दगड खणखणीत बोलत होता, आता नुसतं 'थद्'. हात तिथेच थांबला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घराच्या देवघरासाठी ही अडीच फुटी मूर्ती होती, कार्तिकीला बसवायची. दगड आमच्या इथलाच, पांढरा वालुकाश्म. तीन आठवडे झाले होते. चेहरा, मुकुट, मकरकुंडलं सगळं उतरलं होतं.

ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या मिस्त्रीजींनी न बोलता बादली उचलली आणि मूर्तीवर पाणी ओतलं. आम्ही दोघं बघत उभे. वालुकाश्म पाणी पितो, वरून हळूहळू सुकतो, पण चिरेत शिरलेलं पाणी मागे राहतं. आधी खांदे उजळले, मग छाती. कोपरापासून दंडावर चढत गेलेली एक काळसर रेघ मात्र तशीच राहिली, केसाएवढी. "बाल है," ते म्हणाले. बाल म्हणजे दगडातली केसासारखी बारीक चीर.

चूक माझीच. दगड भादव्यातल्या धो धो पावसात आला, चारी अंगांनी ओलाचिंब. ओल्या दगडात बाल दिसत नाही. आधी तो पुरता सुकू द्यायचा, मग पाणी मारायचं, मग हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून नाद ऐकायचा. मी घाईत नुसता रंग पाहून होकार दिला.

वालुकाश्म म्हणजे थरावर थर बसलेली वाळू. खाणीत तो कसा पडला होता, हे आम्ही आधी विचारतो. थर न ओळखता घाव घातला तर पापुद्रे सुटतात. त्यात कटेवर हात! हात आणि कंबर यांच्यामधली ती पोकळी आरपार काढली की हात फक्त खांद्याच्या आणि मनगटाच्या आधारावर उरतो.

संध्याकाळी पाय आपोआप किल्ल्याच्या उरवाई बाजूला वळले. तिथे कड्यात कोरलेले 15व्या शतकातले तीर्थंकर आहेत. त्यातले आदिनाथ सुमारे 57 फूट. आजवर मी त्यांचे चेहरे बघायचो. त्या दिवशी पाठी बघितल्या. कोरणाऱ्यांनी त्या डोंगरापासून सोडवलेल्याच नाहीत. एवढं वजन डोंगरानंच धरलंय.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्या घरची ही मूर्ती होती, त्या आजोबांना कारखान्यात बोलावून रेघ दाखवली. "आजोबा, चिरेचा देव मी देणार नाही. पण कार्तिकी हुकेल."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "अरे, विठोबाला उभं राहायची सवय आहे. थांबेल तो. तू दगड नीट बघ."

दुसरा दगड आठवडाभर छपराखाली सुकवला, भिजवला, ठोकून ऐकला. या वेळी पाठीमागे शिळा ठेवली. हात आणि कंबर यांच्यामधला दगडही काढला नाही, फक्त तिथे खोल उतरत गेलो, सावली धरेपर्यंत.

मूर्ती माघी एकादशीला बसली. आजोबांनी समई लावली तेव्हा त्या जागी इतका काळोख साठला की आजींनी विचारलं, "इथं आरपार आहे का रे?"