फोटोवरचा एल
चार दिवस झाले तरी तो छातीचा फोटो डोळ्यासमोरून जाईना.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. त्या दिवशी आठवडी बाजार, त्यामुळे ओपीडी तुंबलेली. ऊसतोडीच्या टोळीतून मधेच परत आलेला एक माणूस होता, उचल फिटायची राहिली म्हणून महिनाभर दुखणं अंगावर काढलेलं. बायको म्हणत होती, "सायेब, रातभर आडवं पडता येईना ह्यान्ला." मी वॉर्डात होतो, फोटो ट्रेनी पोरानं काढला. डावी बाजू कळावी म्हणून फोटो काढताना ठेवायचा शिशाचा 'एल' (लेफ्ट) त्यानं लावलाच नाही.

डाव्या छातीत इतकं पाणी होतं की हृदय उजवीकडं ढकललं गेलेलं. पोराला स्क्रीनवर हृदय उजवीकडं दिसलं, त्याला वाटलं इमेज उलटी आली, म्हणून त्यानं ती फ्लिप केली आणि वर 'एल' टाईप केला. आता पाणी उजवीकडं, हृदय डावीकडं, जागच्या जागी, मग शंका येणार कुणाला?

शिशातून किरण जात नाहीत, म्हणून मार्कर फोटो काढतानाच पांढरा उमटतो, आणि नंतर कुणी फोटो फिरवला तर अक्षरही उलटं होतं, लगेच कळतं. टाईप केलेला एल मात्र कुठंही सरळच बसतो.

नशीब डॉक्टर जुन्या वळणाचे. सुई घालायच्या आधी त्यांनी पाठीवर बोटानं ठोकून पाहिलं तर बद्द आवाज, म्हणजे पाणी, डावीकडं. मला हाक मारली. मी फोटो उजेडाला धरला आणि आधी खाली पाहिलं, जठरातल्या हवेचा काळा फुगा, जो डावीकडं असायला हवा, तो उजव्या बाजूला! पायाखालची जमीनच सरकली. मार्कर लावून परत फोटो काढला, पाणी डावीकडूनच काढलं, संध्याकाळी तो माणूस उशीला टेकून गाढ झोपलेला मी स्वतः बघून आलो.

पोराला सगळ्यांसमोर बोलणी बसली. ते मला पटलं नाही. आमचा एल दिवाळीपासून तुटलेला, चिकटपट्टीवर चाललंय, 3 वेळा मागणी लिहून दिली, लाखोंची मशीन येते पण शिशाचे दोन तुकडे येत नाहीत. आणि गर्दी असली की "राहू दे, नंतर टाईप कर" हे त्या पोरानं माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा.

डॉक्टरांना हे मी अजून सांगितलेलं नाही.