फुली मारून गेलेली माणसं

रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे घरबसल्या ऑफिसच्या सर्व्हरवर काम करायच्या खिडकीच्या, वरच्या निळ्या पट्टीवरची फुली दाबणं वेगळं आणि साइन आउट करणं वेगळं, हे आमच्या वाशीच्या ऑफिसात आजवर कुणी कुणाला पटवू शकलेलं नाही. फुली दाबली की विंडोज बिचारं सांगतंही, की तुम्ही फक्त जोडणी तोडताय, तुमचे प्रोग्रॅम इकडे चालूच राहणार आहेत. पण तो मजकूर वाचण्यासाठी असतो असं कुणाला वाटतच नाही. ओके दाबायचं, लॅपटॉप मिटायचा आणि स्टेशन गाठायचं. माणूस तुर्भ्याच्या पुढे गेलेला असतो, पण सर्व्हरवर त्याची टॅली उघडी, एक्सेल उघडं, ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे. सगळं जसंच्या तसं, मेमरी खात बसलेलं.

आमचं काम क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून पुढे पाठवायचं. न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनर लागला की इथे कागद हलायला लागतात. सर्व्हर ऑफिसात आणि माणसं कळव्यापासून खारघरपर्यंत पसरलेली, त्यामुळे निम्मं ऑफिस घरूनच ‘रिमोट घेतं’. आयटीवाला मी एकटा. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक.

सकाळी आलो की मी सर्व्हरवर ‘क्वेरी युजर’ ही कमांड मारतो. चार ओळींची यादी येते: नाव, सेशनचं (म्हणजे त्या माणसाच्या सर्व्हरवरच्या बैठकीचं) नाव, आयडी, स्थिती, किती वेळ हालचाल नाही, आणि लॉगऑन कधी झालं. जो कामावर आहे त्याच्यापुढे ‘ॲक्टिव्ह’. जो गेलाय त्याच्यापुढे ‘डिस्क’, म्हणजे ‘डिस्कनेक्टेड’चं अर्धं, आणि त्याचं सेशनचं नाव असायचं ती जागा रिकामी. हालचाल नसल्याचा काळ ‘१+१४:०५’ असा लिहिलेला असतो. म्हणजे एक दिवस, चौदा तास, पाच मिनिटं. ही यादी वाचायची सवय झाली की हजेरीपटाची गरज उरत नाही. कोण शुक्रवारी लवकर सटकलं, कोण रविवारी दुपारी गुपचूप येऊन काम करून गेलं, सगळं तिथे असतं. मी शेठना दाखवत नाही, ही गोष्ट निराळी.

पण या यादीला एक गोष्ट अजिबात कळत नाही. कोण उठून गेलंय आणि कोणाला जावं लागलंय, दोघांपुढे एकच ‘डिस्क’. घरची लाइट जाते आणि तिच्याबरोबर राउटर जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारा घरात शिरतो, लॅपटॉप वायफाय पकडतो, पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी तुटते. समोरचं सॉफ्टवेअर आपल्या परीने वीस वेळा पुन्हा जोडायचा प्रयत्न करतं, मग हात टेकतं. कधी तर उलटंच होतं. इकडे माणसाची लाइन मेलेली आणि सर्व्हरला पत्ताच नाही. तो आपला ‘ॲक्टिव्ह’ दाखवतोय. पलीकडे कोणी जिवंत आहे का, हे मधूनमधून विचारायची सोय त्याच्याकडे आहे, ‘कीप-अलाइव्ह’ नावाची, पण ती आपण चालू करावी लागते. इव्हेंट लॉग, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, थोडं जास्त बोलतो. तुटलं की २४ नंबरची नोंद, परत जोडलं की २५ ची, आणि ४० नंबरच्या नोंदीत कारणाचा एक आकडाही. त्या आकड्यावरून तुटलं कसं याचा अंदाज येतो. माणूस परत येणार आहे की नाही, याचा नाही.

ट्रान्स-हार्बर लाइनची वाशी लोकल ठाण्यातूनच सुटते. गाडी लागली की सीटवर रुमाल पडतात, आणि आपण सभ्य माणसं, त्या रुमालाला मान देतो. मालक फोनवर बोलत फलाटावर असेल, वडापाव घेत असेल, येईल. पण या मानाला मुदत असते. गाडी हलली आणि मालक नाही, की शेजारचा काका शांतपणे रुमाल उचलून खिडकीच्या कडेला ठेवतो आणि बसतो. कुणी भांडत नाही. सर्व्हरवरचं तुटलेलं सेशन म्हणजे हा रुमाल, आणि अडचण एवढीच, की ही गाडी सुटतच नाही. आपण काही सांगितलं नाही, तर विंडोज तुटलेलं सेशन बेमुदत सांभाळतं.

मुदत घालायची तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्यांसाठी नियम ठरवायच्या विंडोजच्या सोयीत, यादी आहे: ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही, मग एक मिनिट, पाच मिनिटं, असं करत पाच दिवसांपर्यंत. निवडायचं आणि ओके. दोन मिनिटांचं काम. ते करायला मी किती आठवडे लावले ते विचारू नका, कारण बाजू दोन्ही खऱ्या होत्या.

अकाउंट्सच्या काकूंची बाजू बेमुदतची. महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायचा दिवस. काकू कळव्याच्या घरून बसलेल्या, अर्धी एंट्री टाकलेली आणि लाइट गेली. लाइट आली, पुन्हा लॉगइन केलं, तर कर्सर त्याच आकड्यावर लुकलुकतोय! मला विचाराल तर हा चमत्कारच आहे. ही सगळी व्यवस्था १९९८ च्या विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीपासून चालत आलेली, पण कळव्यातल्या अंधारात बसलेल्या बाईसाठीच कुणीतरी केलीय असं त्या क्षणी वाटतं. मी मुदत पंधरा मिनिटं ठेवली असती, तर काकूंची एंट्री गेली असती आणि वर माझं नाव निघालं असतं.

दुसरी बाजू डॉक्युमेंटेशनच्या मुलाची. त्याला कंटेनरची शीट हवी, आणि एक्सेल म्हणतं फाइल काकूंनी उघडून ठेवलीय, तुम्ही फक्त वाचू शकता. काकू तर तासाभरापूर्वीच निघाल्या. मग मला फोन, माझा काकूंना फोन.

“काकू, तुमची शीट अजून उघडी आहे.”

“अरे, मी बंद करून निघाले की!”

“साइन आउट केलंत, की फुली मारलीत?”

“फुली मारली म्हणजे बंदच झालं ना रे?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. जगातल्या बाकी प्रत्येक खिडकीवर फुली मारली की गोष्ट बंद होते. हीच एक अशी, की फुली मारल्यावर गोष्ट चालू राहते आणि आपण बंद होतो. त्यात काकूंचा काय दोष?

अशा वेळी ‘लॉगऑफ’ आणि पुढे आयडी टाकून सेशन उडवता येतं. उडवण्याआधी मी टास्क मॅनेजरमध्ये युजर्सचं पान बघतो. कुणाचं काय काय उघडं आहे ते तिथे दिसतं. सेव्ह केलंय की नाही, ते दिसत नाही. म्हणून फोन.

सर्वात चिवट मात्र बाहेरची माणसं. सर्व्हरच्या देखभालीसाठी वेगळं लायसन्स न घेता एका वेळी दोघांनाच आत येता येतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस येतो, काम करतो, फुली मारतो आणि जातो. त्याचा दुसरा माणूस दुसऱ्या खात्याने येतो, तोही फुली मारून जातो. मग मीच बाहेर. वर कुणी पासवर्ड बदलला, तर मागे राहिलेलं सेशन जुन्याच पासवर्डने नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर उघडायला जात राहतं आणि चांगलं चालतं खातं लॉक होतं. कोण चुकीचा पासवर्ड मारतंय म्हणून शोधाशोध, आणि सापडतो तो मंगळवारी येऊन गेलेला माणूस. त्यांच्या खात्यांना मी बिनदिक्कत तीस मिनिटं लावली. तिथे मला कसलीच द्विधा नव्हती.

बाकीच्यांचे गट केले. डॉक्युमेंटेशनला तीन तास, अकाउंट्सला आठ. काकूंना आठ तास म्हणजे अपमान वाटला, आपल्यालाच का मुदत म्हणून. यातली एक गोष्ट मला अजून खटकते. चालू सेशन नुसतं पडून आहे म्हणून तोडायचं असेल, तर विंडोज दोन मिनिटं आधी समोरच्याला सांगतं. तुटलेलं सेशन संपवताना मात्र काहीच सांगत नाही. सांगणार कुणाला? समोर कोणी नसतंच.

शेठचं खातं ‘नेव्हर’वर आहे. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच ठेवलं; नोकरी करायची आहे. त्यांच्या सेशनमध्ये एक नोटपॅड उघडं आहे, सेव्ह न केलेलं, आत एकच फोन नंबर. कुणाचा, ते त्यांना आठवत नाही. पण सर्व्हर रिस्टार्ट करायचा म्हटलं की आधी विचारतात, “तो नंबर जाणार नाही ना?” मी म्हटलं, “शेठ, कागदावर लिहून देतो.” तर म्हणाले, “नको, कागद हरवतो.”